आकाश घरी आणणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

गेल्या कार्तिकात आमच्या वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघा मित्रांनी एक तारांगण बांधले. तारांगण हा शब्द फार मोठा झाला. प्रत्यक्षात तो दूध पावडरीचा एक रिकामा डबा होता. त्याच्या बुडावर ग्रंथालयातील एका पुस्तकावरून उतरवून घेतलेला ताऱ्यांचा नकाशा चिकटवला, खिळ्याने भोके पाडली, आत एक छोटा दिवा सोडला आणि खोलीतला अंधार गडद करून डबा उताणा ठेवला. छतावर ठिपके उमटले आणि आम्हाला धन्य वाटले. नेमके त्याच दिवशी गगनबावड्याकडून एका मित्राचे आजोबा त्याला भेटायला आले होते. त्यांनी जमिनीवर पडून छताकडे पाहिले आणि शांतपणे विचारले की, हे सप्तर्षी उलटे का? आम्ही नकाशा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. नकाशा बरोबर होता. चूक आमची होती. डब्याच्या बाहेरून पाहून पाडलेली भोके आतून प्रकाश सोडल्यावर छतावर आरशातल्यासारखी उलटी पडतात, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या त्या वृद्ध शेतकऱ्याच्या मात्र ते क्षणात ध्यानात आले, कारण त्यांनी पुस्तकातले सप्तर्षी पाहिले नव्हते, आकाशातले पाहिले होते.

त्या रात्री मला शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची आठवण झाली. पुस्तकातले आकाश आणि डोक्यावरचे आकाश एकमेकांशी जुळते की नाही, हा एकच प्रश्न हातात धरून या माणसाने आपले सारे आयुष्य वेचले. आपल्या महाविद्यालयात कला शाखेत शिकणाऱ्या बहुतेकांना दीक्षितांचे नाव ठाऊक नसावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते क्वचित एखाद्या तळटीपेत भेटते, मराठीच्या विद्यार्थ्याला तेवढेही नाही. म्हणून या थोर शिक्षकाच्या जीवनाची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड या गावी झाला. समुद्रकाठचे, नारळी-पोफळीच्या बागांचे हे छोटे गाव. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच गावात गेले. दीक्षितांच्या घरची परिस्थिती बेताचीच होती. मुलाने शिकावे, नोकरीला लागावे आणि घराला हातभार लावावा, ही त्या काळच्या कोकणातील घराघराची अपेक्षा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण घेऊन ते शाळामास्तर झाले आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री ग्रंथ, गणित व आकाश यांत बुडून जावे, असा त्यांचा क्रम असे.

त्यांची पहिली पुस्तके विद्यार्थ्यांसाठीच होती. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ १८७६ मध्ये आणि ‘सृष्टचमत्कार’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. नावांवरूनच त्यांच्या मनाची ठेवण कळते. जे आपल्याला कळले आणि ज्याचा आनंद झाला, ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळावे, ही खऱ्या शिक्षकाची तळमळ त्यांच्या ठायी होती. परंतु ज्या प्रश्नाने त्यांना झपाटले तो प्रश्न शाळेतला नव्हता. तो घराघरांत खुंटीला टांगलेल्या पंचांगातला होता.

आज आपल्या घरांत १९७३ पासून निघणारी दिनदर्शिका भिंतीवर असते आणि आपण तिथे एकादशी कधी, चतुर्थी कधी एवढेच पाहतो. पण पंचांग ही मुळात काय वस्तू आहे याचा आपण कधी विचार करतो का? तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे ज्यात आहेत ते पंचांग. यांपैकी तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यामधील अंतर. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी पुरी होते. अशा ३० तिथी झाल्या की महिना. नक्षत्र म्हणजे चंद्राच्या मार्गाचा सत्ताविसावा भाग, १३ अंश २० कलांचा. म्हणजे पंचांगातला प्रत्येक आकडा हे आकाशाबद्दलचे एक विधान आहे. आज चंद्र रोहिणीत आहे असे पंचांग सांगत असेल तर रात्री अंगणात जाऊन पाहावे, तो रोहिणीच्या लालसर ताऱ्याजवळ दिसलाच पाहिजे. या अर्थाने पंचांग हे आपल्या पूर्वजांनी घरोघर दिलेले आकड्यांचे तारांगणच होय.

एकोणिसाव्या शतकातील दुखणे असे होते की हे तारांगण आकाशाशी जुळेनासे झाले होते. महाराष्ट्रातील पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञ यांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. गणेश दैवज्ञ हेही कोकणचेच, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हा त्यांच्या ग्रंथाचा आरंभकाळ. अवघड ज्यागणित टाळून साध्या आकडेमोडीने ग्रहांची स्थाने काढण्याची युक्ती त्यांनी दिली, म्हणून गावोगावचे जोशी तो ग्रंथ वापरू शकले. पण कोणतेही गणित कितीही चांगले असले तरी त्यातील बारीक चूक वर्षावर्षाला साठत जाते. साडेतीनशे वर्षांनी ती डोळ्यांना दिसू लागली. ग्रह पंचांगात एका ठिकाणी आणि आकाशात दुसऱ्या ठिकाणी! तरीही पंचांगे त्याच गणिताने निघत राहिली, कारण बाहेर जाऊन पाहण्याची सवयच मोडली होती.

हा दोष दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. त्यांनी युरोपीय गणितावर आधारलेली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. परंतु समाजाने त्याचा मोकळ्या मनाने स्वीकार केला नाही. कारण उघड आहे. ग्रह चार अंशांनी कुठे गेला याची सामान्य माणसाला चिंता नसते, पण अधिक मास बदलला, सण बदलला, उपासाचा दिवस बदलला की त्याच्या घरात वाद पेटतो.

दीक्षित या वादात उतरले ते आणखी एक पाऊल पुढे टाकून. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. सायन आणि निरयन हे शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपण आपल्या कोल्हापुरातच याचा पुरावा पाहू शकतो.

अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव आपण सर्वांनी पाहिलेला किंवा ऐकलेला आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत पोहोचतात. आपले बाकीचे सण तिथीने येतात; मग हा सोहळाच इंग्रजी तारखांनी का? मी लहान असताना आईला हा प्रश्न विचारला होता आणि तिने देवीची मर्जी असे उत्तर दिले होते. आता हिशेब करून पाहतो तेव्हा उत्तर सापडते. १० नोव्हेंबर हा दिवस २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी हा ४२ दिवस नंतर. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचून परत फिरतो. जाताना आणि येताना तो क्षितिजावरच्या एकाच जागी मावळतो, ते हे दोन मुहूर्त. मंदिराचा हा सोहळा तिथीवर चालत नाही आणि नक्षत्रावरही चालत नाही. तो सूर्याच्या उत्तर-दक्षिण जाण्यावर, म्हणजे ऋतूंवर चालतो. ऋतूंना धरून जे मोजायचे ते सायन, आणि ताऱ्यांना धरून जे मोजायचे ते निरयन, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ही दोन मोजमापे एके काळी जुळत होती. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ गतीने फिरतो आणि त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. सुमारे ७२ वर्षांत एक अंश. ही गती इतकी मंद आहे की एका माणसाच्या आयुष्यात ती जाणवत नाही, पण शतकांच्या हिशेबात ती सण हलवते. दीक्षितांच्या बालपणी मकरसंक्रांत १२ जानेवारीच्या सुमारास येत असे. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य उत्तरेकडे वळण्याचा खरा दिवस मात्र २१-२२ डिसेंबर. उत्तरायण सुरू झाले म्हणून आपण तिळगूळ वाटतो ते उत्तरायण सुरू होऊन तीन आठवडे उलटून गेल्यावर! दीक्षितांचे म्हणणे असे की वैदिक वाङ्मयात महिने ऋतूंशी बांधलेले आहेत. मधु आणि माधव हे वसंताचेच महिने. तेव्हा वसंताला सोडून सरकणारा चैत्र हा परंपरेलाही धरून नाही. परंपरेच्या नावाने जे चालले होते त्याला त्यांनी परंपरेच्याच मूळ ग्रंथांचा आधार घेऊन विरोध केला.

संक्रांत डिसेंबरात करा असे त्या काळात सांगणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. सनातन्यांना ते पाखंड वाटले आणि सुधारकांना या विषयात फारसा रस नव्हता. लोकमान्य टिळकांसारखे अधिकारी पुरुषही शुद्ध गणिताच्या पण निरयन पंचांगाच्या बाजूचे होते. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर, ज्यांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले, त्यांचाही मार्ग निराळा. सायन पंचांग निघाले, काही वर्षे चालले, पण घराघरांत ते रुजले नाही. लोकमताच्या बाजारात दीक्षित हरले असेच म्हणावे लागेल. तथापि त्यांनी आपले मत सोडले नाही आणि विरोधकांविषयी कटुताही बाळगली नाही. आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी छत्रे, केतकर इत्यादींच्या कार्याचा परामर्श आदराने घेतलेला आहे.

त्या मोठ्या ग्रंथाकडे वळण्यापूर्वी एका हकिगतीचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण ती आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाची आहे. गुप्त सम्राटांचा काळ आपण इतिहासाच्या पुस्तकात पाठ करतो. पण एकोणिसाव्या शतकात गुप्त संवत् कधी सुरू झाला यावरच विद्वानांत मतभेद होते. कोणी तो इ. स. ७८ पासून धरी, कोणी १६६ पासून, कोणी ३१९ पासून. अडीचशे वर्षांचा फरक! ज्या राजाचा काळ अडीचशे वर्षे मागेपुढे सरकू शकतो त्याचा इतिहास तरी काय लिहिणार? शिलालेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट हे या प्रश्नाचा शोध घेत होते आणि त्यांना गणित करून देणारा माणूस हवा होता. तो त्यांना दीक्षितांच्या रूपाने लाभला.

मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळचा एक स्तंभलेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. आता पाहा, तिथी आणि वार यांची जोडी ही कुलूप आणि किल्लीसारखी असते. आषाढ शुद्ध द्वादशी दरवर्षी येते, पण ती गुरुवारीच येईल असे नाही. निरनिराळ्या मतांप्रमाणे जी जी वर्षे येतात त्या त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी होती हे गणिताने काढायचे आणि गुरुवार कुठे जुळतो ते पाहायचे. चौदाशे वर्षांपूर्वीचा चंद्र आणि सूर्य कागदावर पुन्हा चालवून दाखवायचे. दीक्षितांनी ते काम केले. १६५ मध्ये ३१९ मिळवले की ४८४ येतात, आणि २१ जून ४८४ हा दिवस नेमका जुळला. दीक्षितांच्या गणितासह फ्लीट यांचा गुप्त लेखांचा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गुप्तकाळाला पक्का पाया मिळाला. मराठी शाळेतील एका मास्तराने दिव्याच्या उजेडात केलेली आकडेमोड आज भारताच्या इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाखाली दडलेली आहे, ही जाणीव आपल्याला असली पाहिजे.

पुढे रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू किंवा मुसलमानी तारखेची इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत. विजयनगरच्या साम्राज्याचा विस्मृत इतिहास जगापुढे मांडणारे ते हेच सेवेल. शिलालेख वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांनी या कोष्टकांवर भिस्त ठेवली.

त्याच १८९६ सालात दीक्षितांचा आयुष्यभराचा ग्रंथ पुण्यात छापून बाहेर पडला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हे त्याचे नाव. दक्षिणा प्राइझ कमिटीने या विषयावरील ग्रंथासाठी पारितोषिक जाहीर केले होते, त्या निमित्ताने त्यांनी लेखनाला आरंभ केला. पण ग्रंथ निमित्ताला कधीच ओलांडून गेला. वैदिक काळ, वेदांगकाळ आणि सिद्धान्तकाळ असे भाग पाडून त्यांनी भारतीय ज्योतिर्गणिताचा सारा इतिहास मराठीत उभा केला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापासून आपल्या काळातील पंचांगकर्त्यांपर्यंत कोणालाही त्यांनी वगळले नाही. वेदांगज्योतिषातील ज्या श्लोकांचा अर्थ लागत नव्हता त्यांतील कित्येकांचा अर्थ त्यांनी गणिताने लावून दाखवला. पुढे या ग्रंथाचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद झाले. जगातील अभ्यासकांना ज्यासाठी मराठीकडे यावे लागले असे ग्रंथ थोडे आहेत. त्यांत याची गणना होते.

या ग्रंथातील एकच उदाहरण देतो. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा आशयाचा उल्लेख आहे. वर्षानुवर्षे लोकांनी तो वाचला आणि पुढे गेले. दीक्षितांनी तो वाचला आणि पूर्वेकडे पाहिले. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. आपल्या कोल्हापुरातून पाहिले तर त्या पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे २५ अंश सरकून उगवतात. मग ज्याने तो उल्लेख केला त्याने काय खोटे लिहिले? तसे मानण्याऐवजी दीक्षितांनी गणित केले की कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या, आणि इ. स. पूर्व ३००० च्या आसपासचा काळ निघाला. या अनुमानावर विद्वानांत मतभेद झाले आणि अजूनही आहेत. त्या वाक्याचा अर्थ निराळा लावणारेही आहेत. परंतु ग्रंथातील एका ओळीची साक्ष काढण्यासाठी थेट आकाशाला बोलावणे ही पद्धत दीक्षितांची आहे, आणि ती कोणत्याही अभ्यासकाने गिरवावी अशी आहे.

एवढा मोठा पंडित सामान्य माणसाला विसरला नाही, हे मला त्यांच्या जीवनातील सर्वांत हृद्य वैशिष्ट्य वाटते. १८९२ मध्ये त्यांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक लिहिले. नावातच सारे आले. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. जेवण झाल्यावर, झोपण्यापूर्वी, अंगणात किंवा गच्चीवर एवढा वेळ द्या, यंत्राची गरज नाही, संस्कृतची गरज नाही, भीती बाळगण्याचे तर मुळीच कारण नाही. असे आमंत्रणच त्यांनी मराठी वाचकाला दिले. त्या काळी आकाशातल्या गोष्टी एक तर जोशीबुवांच्या पोथीत होत्या नाही तर इंग्रजी ग्रंथांत. दीक्षितांनी त्या घरगुती मराठीत आणल्या. ग्रह, धूमकेतू, ग्रहण यांची भीती घालवून त्यांची मौज करावी, हे सांगायला त्या काळात मोठे धैर्य लागत होते.

या संदर्भात हॉलंडमधील एका कारागिराची आठवण होते. एसा एसिंगा हे त्याचे नाव. १७४४ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ लोकर विंचरण्याचा धंदा करी. १७७४ मध्ये चंद्र आणि काही ग्रह आकाशात जवळ जवळ येणार म्हणून त्या प्रांतात जगबुडीची आवई उठली. त्याच सुमारास एसिंगाने फ्रानेकर गावातील आपल्या राहत्या घराच्या दिवाणखान्याच्या छतावरच लाकडी चक्रे आणि लंबकाच्या साहाय्याने सूर्यमाला उभी करायला घेतली. १७८१ मध्ये ती पुरी झाली. त्यातला शनी आकाशातल्या शनीप्रमाणेच साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी घालतो. ते घरगुती तारांगण आजही चालू आहे आणि २०२३ मध्ये त्याचा जागतिक वारसा म्हणून गौरव झाला. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीची अशीच धास्ती पसरली होती. गावोगाव यज्ञ झाले, जप झाले. आकाशात काही झाले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या दिवसांच्या गोष्टी विचाराव्यात.

एसिंगाने आकाश छताला टांगले, दीक्षितांनी ते पुस्तकात ठेवले. दोघांजवळही पदवी नव्हती, दोघांनीही पोटाचा धंदा सांभाळून हे केले, आणि ज्याला हवे त्याला ते पाहता यावे एवढीच दोघांची इच्छा होती. पुढे विसाव्या शतकात मोठी तारांगणे झाली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण उभे राहिले, मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. आज तर मोबाइलमध्येही आकाशाचा नकाशा मिळतो. साधने वाढली ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु साधन वाढले म्हणजे पाहणे वाढले असे होत नाही, हे आमच्या डब्याने आम्हाला शिकवले.

मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दीक्षितांना फार दिवस लाभले नाहीत. एप्रिल १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. सायन पंचांगाचा विजय त्यांना पाहायला मिळाला नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा चैत्र वसंतसंपाताशी बांधलेला आहे, म्हणजे ती सायन आहे. धार्मिक सणांसाठी निरयन पद्धतच ठेवली गेली आणि संक्रांत जानेवारीतच राहिली, हे खरे. तरी आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी किंवा सरकारी राजपत्रावर जी भारतीय सौर तारीख आपण ऐकतो-वाचतो, तिच्यात दीक्षितांनी धरलेल्या आग्रहाचा अंश आहे.

दीक्षितांचे सर्वच निष्कर्ष आज मान्य होतील असे नाही. तेही आपल्याकडून तशी अपेक्षा करणार नाहीत. गणेश दैवज्ञांच्या गणितालाही तपासून पाहावे असे ज्यांनी सांगितले, ते स्वतःच्या गणितालाही तपासू नका असे कसे म्हणतील? पूर्वजांवर प्रेम आणि त्यांची परीक्षा या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हा त्यांच्या जीवनाचा मला कळलेला धडा. आम्ही विद्यार्थी बहुधा यांतली एकच गोष्ट करतो. काही जण जुने ते सारे सोने मानतात, काही जण ते न वाचताच फेकून देतात. अंगणात जाऊन पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

म्हणून या छंदात नव्याने येऊ इच्छिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे एवढेच की आरंभ आजच करावा. त्यासाठी पैसा लागत नाही. एक रिकामा डबा, एक खिळा, एक दिवा आणि एक नकाशा पुरतो. फक्त नकाशा डब्यावर उलटा चिकटवायला विसरू नये. पण डबा हातात घेण्यापूर्वी दोन घटका गच्चीवर जावे. कार्तिकात संध्याकाळी पूर्वेकडे थोडे उत्तरेला पाहिले की कृत्तिकांचा लहानसा पुंजका वर येताना दिसेल. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर दिवे लागलेले असतात, तेव्हा मान वर करून चंद्र कुठे आहे ते पाहावे. तो कृत्तिकांच्या आसपास असतो, म्हणूनच त्या महिन्याचे नाव कार्तिक. वर्षानुवर्षे आपण पाण्यातले दिवे पाहून घरी परत आलो; महिन्याचे नाव डोक्यावर लिहिलेले होते, ते वाचलेच नाही.

आमचा डबा आम्ही दुसऱ्या दिवशी नव्याने बनवला. मित्राचे आजोबा एक दिवस अधिक राहिले आणि त्यांनी सप्तर्षी, ध्रुव, मृग आणि कृत्तिका एकेक करून तपासून दिले. कुठले भोक मोठे हवे, कुठले लहान, तेही त्यांनीच सांगितले. ते गेल्यावर त्यांच्या नातवाने ग्रंथालयातून दीक्षितांचा जाडजूड ग्रंथ काढून आणला. खोलीत तो सध्या पाळीपाळीने वाचला जात आहे. त्यातले गणित आम्हाला पुरते कळत नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. पण रात्री वाचून झाले की आम्ही चौघेही गच्चीवर जातो. शाळामास्तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांना याहून वेगळी श्रद्धांजली नको असेल असे वाटते.